प्लगच्या टोपीवर टांगलेले जीव

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात उलटली. सहा माणसं गेली. त्यात दोन लहान मुलं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, म्हणून काय घडलं ते लवकर कळलं. पुढचे दोन दिवस एनडीआरएफच्या बोटी, पुढाऱ्यांच्या गाड्या आणि चॅनेलचे कॅमेरे काठावर होते. लाइफ जॅकेट का नव्हती, पूल का नाही, परवानगी कुणाची होती, असे प्रश्न विचारले गेले. विचारायलाच हवे होते. त्याआधी ३० एप्रिल २०१७ ला याच इंदापूर तालुक्यात सहलीला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटली होती आणि चार डॉक्टर बुडाले होते. प्रश्न तेव्हाही हेच होते.

कळाशीच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, असं मी म्हणत नाही. वादळी वारा होता, लाटा होत्या. पण या पाण्यात एखादी बोट बुडाली की आपण वर वाऱ्याकडे बघतो, नाहीतर अंगावरच्या जॅकेटकडे. बोटीच्या मागे जे यंत्र धडधडत असतं, त्याचं झाकण उघडून आत काय बसवलंय हे बघायला कुणी जात नाही. आणि त्या झाकणाखाली गेल्या काही वर्षांत जे स्वस्त, ठिसूळ, निनावी प्लास्टिक शिरलंय, त्याच्याबद्दल आज लिहायचंय.

आधी हे पाणी समजून घ्या. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. यशवंतसागर जलाशय सोलापूर जिल्ह्यातून मागे सरकत पुण्याच्या इंदापूर आणि दौंडपर्यंत पसरला. गावं उठली, जुने रस्ते पाण्याखाली गेले. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्यानं जायचं तर कित्येक पट वळसा घालावा लागतो. म्हणून शाळेची पोरं, बाजारची माणसं, माहेरवाशिणी, मोटरसायकली, शेळ्या, सगळं बोटीतून जातं. मासेमारी आहेच. हिवाळ्यात भिगवण आणि कुंभारगावला रोहित पक्षी येतात. पुण्या-मुंबईचे लोक मोठे कॅमेरे घेऊन होडीत बसतात. या पाण्यावर वल्ह्याच्या होड्या आहेत, डिझेल इंजिनाच्या लाँच आहेत आणि मागे टांगलेली पेट्रोलची छोटी इंजिनंही आहेत. डिझेल इंजिनात प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच इंधन पेटतं. माझं आजचं भांडण पेट्रोलच्या इंजिनाशी आहे, म्हणजे खरं तर त्याच्या ठिणगीशी.

ठिणगी येते कुठून? इंजिनाच्या डोक्यावर जे जड चाक फिरतं, त्याला आपले मिस्त्री ‘मॅग्नेट’ म्हणतात. त्याच्या आतली चुंबकं कॉइलसमोरून गेली की वीज तयार होते. ती सीडीआय नावाच्या काळ्या डबीत साठते. पिकअप कॉइलनं इशारा दिला की डबी ती साठवलेली वीज इग्निशन कॉइलमध्ये सोडते. तिथं तिचा दाब वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत चढतो आणि प्लगच्या टोकाशी, एक मिलिमीटरपेक्षाही लहान फटीत, ठिणगी पडते. हे मिनिटाला हजारो वेळा घडतं. या सगळ्या प्रवासात विजेनं ठरलेल्या वाटेनंच जावं, वाटेत कुठं इंजिनाच्या लोखंडाकडे पळू नये, हे बघायचं काम प्लास्टिकचं. प्लगवरची टोपी, कॉइलचं अंग, सीडीआयची डबी, वायर जोडायचे कनेक्टर, चावीचा स्विच, किल स्विच, सगळीकडे तेच.

म्हणजे इथं प्लास्टिक ही शोभेची वस्तू नाही. पाणी अडवणाऱ्या भिंतीसारखं ते वीज अडवतं. भिंतीला केसाएवढी चीर पडली तरी वीस हजार व्होल्टला तेवढी वाट पुरते. चिरेत दमट हवा शिरते, धूळ बसते, वीज तिथून एकदा गेली की कोळशाची बारीक रेघ उमटते आणि त्या रेघेवरून पुढच्या वेळी वीज आणखी सहज जाते. कोरड्या दुपारी असं इंजिन ठीक चालतं. पहाटेच्या धुक्यात, पावसात, लाटेचे तुषार उडाले की ‘करंट येत नाही’. म्हणजे इंजिन नेमकं तेव्हा दगा देतं, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. आणि वाऱ्यात इंजिन बंद पडलेली बोट नाक लाटेकडे धरू शकत नाही. ती आडवी होते. आडव्या बोटीचं पुढं काय होतं, हे भोई समाजातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

इथं कुणी म्हणेल की प्लास्टिकच वाईट, जुनं लोखंड-पितळ बरं होतं. हे चूक आहे. लिओ बेकलँडनं १९०७ मध्ये बेकेलाइट शोधलं आणि मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोप्या कित्येक दशकं त्याच बेकेलाइटच्या होत्या. पोलादाचा विजेला उपयोग वाहायला, अडवायला नाही. आजही काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन किंवा तसलंच चांगल्या प्रतीचं प्लास्टिक वापरलं तर ते इंजिनाशेजारच्या उष्णतेत वर्षानुवर्षं टिकतं. दोष आहे तो भंगारातल्या दाण्याचा. तुटक्या बादल्या, खुर्च्या, क्रेट वितळवून त्याचा पुन्हा दाणा करतात. प्रत्येक वितळणीत त्याची ताकद कमी होते. त्यात काळा रंग टाकला की कशापासून काय केलंय हे डोळ्यांना कळायचा मार्ग बंद. काळ्या रंगाच्या टोपीखाली चांगला मालही काळा आणि वाईट मालही काळाच. साच्यातून निघालेली वस्तू दिसायला हुबेहूब. आपल्या भाषेत गिऱ्हाइकाला टोपी घालणं म्हणतात, ते इथं शब्दशः होतं.

उजनीनं यात स्वतःची भर घातली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी खाली येतं, त्यावर जलपर्णी माजते. ती पंख्यात गुंतली की इंजिनावर ताण येतो. थंड पाणी आत ओढायच्या जाळीवर ती बसली की इंजिन तापतं. वरून इंदापूरचा एप्रिल-मे, चाळिशी ओलांडणारं ऊन. हलक्या प्लास्टिकला आणखी काय हवं? शहराची घाण, बाजाराचा कचरा आणि सूर्य, तिघं मिळून त्या टोपीला तडे पाडतात. मग बोटवाल्याला सांगितलं जातं, ‘तू मेंटेनन्स करत नाहीस.’

आता थोडं बारामतीकडे वळू. बोटीच्या काठापासून तासाभराच्या अंतरावर बारामतीची एमआयडीसी आहे. तिथं पियाजिओच्या कारखान्यात तीनचाकी रिक्षा आणि स्कूटर तयार होतात. रस्त्यावर येणाऱ्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली मंजुरी लागते आणि अशा चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याची तरतूदही आली. एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष निघाला तर सरकार कंपनीला सांगू शकतं की सगळ्या गाड्या माघारी घ्या. म्हणजे प्लास्टिक कसं तपासायचं, उष्णतेत कसं भाजून बघायचं, थरथरत्या टेबलावर कसं हादरवायचं, याचं ज्ञान आपल्या जिल्ह्यात नाही असं कुणी म्हणू नये. ज्ञान आहे. ते स्कूटरसाठी आहे. स्कूटर बंद पडली तर माणूस ती ढकलत रस्त्याच्या कडेला नेतो आणि झाडाखाली उभा राहतो. पाण्याच्या मधोमध झाड कुठून आणणार?

आणि गंमत अशी, की बोटीला तोच स्कूटरचा माल बसतो. प्लगचं टोक सारखं, म्हणून मोटरसायकलची प्लगटोपी बोटीच्या इंजिनावर खटकन बसते. बाहेरदेशी बनलेल्या इंजिनाचा मूळ भाग मागवायला दिवस लागतात, पैसे जास्त लागतात, कधी मिळतच नाही. नाना पेठेत किंवा तालुक्याच्या दुकानात सुटा भाग हातोहात मिळतो. बसतो म्हणून बसवतात. त्याला पुन्हा आपण कौतुकानं जुगाड म्हणतो. जुगाडाचे पोवाडे गाणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. गरिबाला चांगली वस्तू मिळत नाही, ही लाज वाटण्याची गोष्ट आपण हुशारी म्हणून मिरवायला लागलो आहोत.

एक जुगाड तर सरळ जीवघेणा आहे. बोट चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरी आणि दोरीच्या टोकाला प्लास्टिकची चिमटी असते. ती चिमटी किल स्विचमध्ये अडकवलेली असते. माणूस पाण्यात पडला की चिमटी निघते आणि इंजिन बंद होतं. हे नसेल तर बिनमाणसाची बोट गोल फिरत परत पडलेल्या माणसावरच येते आणि खाली पंखा फिरत असतो. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींवर हा स्विच लावूनच बोट चालवायची, असा नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. आपल्याकडे ती चिमटी उन्हानं तुटते, मग तिच्या जागी वायरचा तुकडा किंवा बाटलीचं बूच कायमचं खुपसून ठेवतात. इंजिन चालू होतं, सगळे खूश.

आता दोष कुणावर जातो, तेही बघा. बंद पडलेल्या इंजिनाचा पहिला आरोपी मिस्त्री असतो. सच्चर समितीनं नोव्हेंबर २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत, आणि वाहनदुरुस्ती हा त्यातला एक मोठा धंदा आहे. त्या अहवालाची गरजही नाही. भिगवणपासून अकलूजपर्यंत रस्त्याकडेच्या गॅरेजांच्या पाट्या वाचत जा. शाळा सुटलेलं पोरगं उस्तादाच्या हाताखाली पाने धुवायला लागतं आणि दहा वर्षांनी आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखतं. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं, कान असतो. पण कानाला प्लास्टिकची प्रत ऐकू येत नाही. नवीन पाकिटातून निघालेली चकचकीत टोपी आतून भंगारदाण्याची आहे की नाही, हे त्याला प्रयोगशाळेशिवाय कसं कळावं? तरी इंजिन बंद पडलं की ‘त्या मिस्त्रीनंच काहीतरी केलं’ हे वाक्य तयार असतं, आणि आजकालच्या हवेत त्या वाक्यात मिस्त्रीचा धर्म यायलाही वेळ लागत नाही. माल बनवणारा मात्र कुठंच नसतो. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं, कारण ते पाकिटावर छापलेलंच नसतं.

पण म्हणून आपल्या माणसांना मी मोकळं सोडणार नाही. जो दुकानदार ओरिजिनलच्या रिकाम्या डबीत लोकल माल घालून ओरिजिनलच्या भावानं देतो, जो मिस्त्री बोटवाल्याला न सांगता हलका भाग बसवून दोन पैसे वाचवतो, त्यात आपलेही आहेत. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतून ओल लागली, तेव्हा विक्रेत्याला त्यांनी ओला माल लोकांना दिसेल असा वर ठेवायला सांगितलं, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. जुम्म्याला ऐकायचा आणि शनिवारी काउंटरवर विसरायचा, असं चालायचं नाही. हलका माल विकायचाच असेल तर हलका म्हणून विका. बोटीसाठी मागितला तर देऊ नका.

सरकारकडे कायदा नाही असंही नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी त्यात सक्तीची आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मंडळ १९९६ मध्ये स्थापन झालं. त्याचे बंदरांचे गट कोणते? वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला. यातलं एकही ठिकाण घाटावर नाही. सह्याद्रीच्या अलीकडचं पाणी त्यांच्या नकाशात असेलही, पण कळाशीच्या काठावर उभं राहून बघितलं तर ते ऑफिस फार लांब वाटतं. महसूल खात्याला मात्र उजनी चांगली ठाऊक आहे. वाळूचोरांच्या बोटी पकडून त्या जिलेटिननं उडवून द्यायला पथकं बरोबर पोहोचतात. चोराच्या बोटीपर्यंत रस्ता सापडतो, तर शाळेच्या पोरांच्या बोटीपर्यंत का सापडू नये?

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या समुद्रात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसं गेली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातल्या बिघाडामुळे ताबा सुटला, असं नौदलानंच सांगितलं. एवढं स्पष्ट असताना नंतरचे कित्येक दिवस चर्चा कशाची, तर घारापुरीला जाणाऱ्या प्रवाशांनी जॅकेट घातली होती का, याची. जॅकेट हवंच. ते माणूस पाण्यात पडल्यावर उपयोगाला येतं. माणूस पाण्यात का पडला, याचं उत्तर जॅकेटच्या खिशात नसतं. पण जॅकेट नारिंगी असतं, फोटोत दिसतं, शंभर जॅकेट वाटल्याचा कार्यक्रम करता येतो. प्लगच्या टोप्या वाटल्याचा कार्यक्रम कोणता पुढारी करेल?

मग बोटवाल्यानं करायचं काय? ‘ओरिजिनलच घ्या’ हा सल्ला देणारे बहुधा स्वतः बोट चालवत नाहीत. जिथं मिळतो, परवडतो, तिथं जरूर घ्यावा. पण निदान पाच-सहा गोष्टी फारशा पैशाशिवाय होतात. अंधार पडल्यावर, काठाला बांधलेल्या बोटीचं झाकण काढून इंजिन चालू करा आणि टोपी, वायर, कॉइल यांच्याकडे नीट बघा. जिथून निळसर रेघ लोखंडाकडे उडताना दिसेल, तो भाग गेला. आधी पेट्रोलचा वास कुठं येतो का ते बघा. वास असेल तर ही परीक्षा अजिबात करायची नाही, आणि इंजिन चालू असताना कशालाच हात लावायचा नाही. टोपीच्या आत थोडं सिलिकॉन ग्रीस भरलं की दमटपणा आत शिरत नाही. वायर हादऱ्यानं घासत असेल तिथं ती बांधून घ्या. सीडीआयच्या डबीला चीर गेली असेल तर एम-सील लावून काठापर्यंत या, पण दुसऱ्या दिवशी त्याच एम-सीलवर माणसं भरू नका. एक प्लग, एक टोपी, किल स्विचची एक चिमटी आणि ओढायची दोरी कोरड्या डब्यात कायम ठेवा. आणि इंजिन कितीही नवं असो, वल्ही आणि नांगर काठावर ठेवून निघू नका.

एवढं करून हा प्रश्न बोटवाल्याच्या गळ्यात मारायचा नाही. वैध मापन शास्त्राच्या २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असायला हवी. निनावी काळ्या पिशवीतली टोपी हा नियम रोज मोडते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात एक कलम आपल्या कामाचं आहे: वस्तू कुणी बनवली हे कळतच नसेल, तर ती विकणाऱ्यावर जबाबदारी येते. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच असतो, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे बोटवाला ‘धंद्यासाठी घेतलं’ म्हणून बाहेर फेकला जात नाही. फक्त हातात बिल हवं. बिलावर भागाचं नाव, कंपनीचं नाव आणि ‘बोटीच्या इंजिनासाठी’ हे शब्द हवेत. मिस्त्रींनीही काढून टाकलेला जुना भाग तारखेची चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. तीन महिन्यांत फुटलेल्या दहा टोप्या एका डब्यात जमल्या, की आरोप मिस्त्रीवर करणाऱ्याला तो डबा दाखवता येतो आणि पुण्याच्या ग्राहक आयोगालाही.

इंदापूरच्या तहसीलदारांकडे आणि सागरी मंडळाकडे मागणी एवढीच करायची: पक्षी बघायला येणाऱ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी भिगवण, कुंभारगाव आणि कळाशीच्या काठावर दोन-दोन दिवस तपासणीचा तंबू लावा. बोटीचा सांगाडा बघा, जॅकेट मोजा आणि इंजिनाचं झाकणही उघडा. तपासणीला गावातल्या मिस्त्रीला सोबत बसवा, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. नोंदणी तिथंच काठावर करा, त्यासाठी कुणाला मोरा किंवा राजपुरीला पाठवू नका. दुकानदार कुरकुर करतील की बिल दिलं तर जीएसटी लागेल. लागू द्या.